जुन्या बरणीतलं तूस

माझ्या आईच्या मते मी जन्मभर भोकं मोजत आले. रायपूरच्या चौबे कॉलोनीतल्या आमच्या घरी पाहुणे आले आणि मुलगी काय करते म्हणून विचारू लागले, की ती शांतपणे सांगायची, "प्रोफेसर आहे. भोकं मोजते." मी चिडायचे. चिडणं मला लवकर जमतं. पण तिचं काही चूक नव्हतं. माझा विषय सच्छिद्र पदार्थांचा. दिसायला साधी पांढरी पूड, पण आत इतकी बारीक छिद्रं की चमचाभर पुडीतल्या सगळ्या भिंती उलगडून पसरल्या तर आमचं अंगण पुरणार नाही. त्या छिद्रांत पाण्यातली घाण अडकते, धुरातले वायू अडकतात. छिद्रं किती आहेत, केवढी आहेत आणि उघडी आहेत की बुजलेली, एवढंच पाहण्यात माझी नोकरी गेली. पाहुण्यांना हे सगळं सांगेपर्यंत चहा संपलेला असायचा.

ज्या एका पेपरामुळे मी प्रोफेसर झाले तो धानाच्या तुसावर होता. रायपूरच्या कुठल्याही दिशेला गाडी काढा, राईस मिल लागते आणि मिलमागे तुसाचा डोंगर लागतो. इकडे त्याला भूसा म्हणतात. हा भूसा नीट जाळला तर मागे पांढरी, सच्छिद्र राख उरते हे जगाला माहीत होतं. पण आधी त्याला आम्लात उकळावं लागतं, नाहीतर राख भट्टीत वितळून काचेसारखी होते आणि छिद्रं मिटतात. आम्ही आम्लाशिवाय करून दाखवलं. नुसता भूसा, नुसती भट्टी. आम्ल नाही, म्हणजे ते आम्ल नाल्यात सोडणंही नाही. "आम्लाशिवाय" हा शब्द आम्ही थेट शीर्षकात घातला होता. त्या एका शब्दावर मी कुठे कुठे भाषणं ठोकून आले.

तो भूसा आमच्या लॅब अटेंडंटने आणला होता. त्याचं गाव अभनपुरजवळ. सगळे त्याला भैया म्हणायचे. एका सोमवारी तो सायकलच्या कॅरिअरवर पोतं बांधून आला, आणि त्याच पोत्यातून आम्ही तीनदा राख करून तीनदा मोजली. तिन्ही वेळा उत्तम निघाली. पेपरात मी लिहिलं, "स्थानिक गिरणीतून मिळवलेलं तूस." कुठली गिरणी, कसलं धान, हे मी विचारलं नाही. भूसा म्हणजे भूसा. पोत्यातलं शेवटचं काही एका मोठ्या बरणीत भरून मी वरच्या फडताळात ठेवलं आणि त्यावर चिठ्ठी डकवली, "हात लावू नये." बाहेरून कुणी पाहुणा आला की ती बरणी मी स्वतः उतरवून दाखवायचे.

काही वर्षांनी एक मुलगी माझ्याकडे पीएच.डी.ला आली. वडील रेल्वेच्या कारखान्यात फिटर, मूळचे भंडाऱ्याकडचे, बौद्ध कुटुंब. घरात एम.एस्सी. झालेली ती पहिलीच, तीही पहिल्या नंबरात. माझे बाकीचे विद्यार्थी मराठी घरातले असले तरी हिंदीत उत्तर द्यायचे. ही मात्र माझ्याशी मराठीतच बोलायची. मला ते फार आवडलं होतं. घरी जाऊन मी आईला सांगितलंसुद्धा, की या वेळी मला पोट्टी चांगली मिळाली.

तिला मी सोपं काम दिलं, असं मला वाटलं होतं. आधी पेपरातली राख करायची, मग त्यातून पाण्यातलं फ्लोराइड किती निघतं ते बघायचं. पहिली पायरी महिन्याभरात व्हायला हवी होती. ती दोन वर्षं झाली नाही.

माझ्या लॅबचे काही नियम आहेत. वहीत फक्त शाईने लिहायचं. खोडरबर नाही; चुकलं तर एकच आडवी रेघ मारायची, अशी की खालची चूक वाचता आली पाहिजे, आणि बाजूला कारण व तारीख घालायची. वही लॅबबाहेर न्यायची नाही. आणि दर शुक्रवारी चार वाजता सगळ्यांनी आपापल्या वह्या माझ्या टेबलावर रचायच्या. मी प्रत्येक पानाखाली सही करते, मग समोसे येतात आणि सगळ्यांसमोर कामाची चर्चा होते. नियम चांगले आहेत, अजूनही मी त्यांना चांगलेच म्हणेन. पण सह्या मी कशा करायचे ते सांगायला हवं. डाव्या हातात फोन, उजव्या हातात पेन. पानं ती मुलं उलटायची, मी फक्त खाली पेन फिरवायचे.

दर शुक्रवारी तिची राख वाईट निघायची. छिद्रं बुजलेली. मी म्हणायचे, भट्टीचं तापमान बघ. तिने पाहिलं. वजनकाटा बघ. तोही पाहिला. तिने भट्टी बदलली, बशा बदलल्या. मी स्वतः एकदाही तिच्याबरोबर भट्टीपाशी उभी राहिले नाही. तोवर मला भट्टीला हात लावून बरीच वर्षं झाली होती. माझ्याकडे समित्या होत्या, अहवाल होते, निवड मंडळं होती. उंटावरून शेळ्या हाकायची एकदा सवय लागली की माणूस उंटावरून उतरत नाही, आणि मीही उतरले नाही.

अशाच एका शुक्रवारी माझं आधीच कुणाशी तरी वाजलं होतं. कशावरून ते आता आठवत नाही, यावरूनच ते किती महत्त्वाचं होतं ते समजावं. तिने पुन्हा तसाच आलेख दाखवला आणि म्हणाली, "मॅडम, पेपरात लिहिलं तसंच करून राहिली मी. मले वाटते भूशातच काही..."

मी तिला पुरतं बोलू दिलं नाही. "नाचता येईना अंगण वाकडं," मी म्हटलं. "याच भूशातून आम्ही तीनदा केलं. तुझ्या हाताला गुणच नाही, त्याला भूसा काय करणार?"

कुणीतरी हसलं. समोशाचा कागद चुरगळल्याचा आवाज झाला. ती खाली बसली.

मी रसायनशास्त्राची प्राध्यापक. डॉक्टरच्या हाताला गुण असतो, लोणचं घालणारीच्या हाताला असतो, असं आमच्या घरात म्हणत आले. भट्टी मात्र हात बघत नाही, हे मला कळायला हवं होतं. आणि दुसरं एक, जे मला पुष्कळ उशिरा कळलं. माझ्या घराण्यातल्या बाईने तिच्या घरातल्या मुलीला, तुझ्या हातात खोट आहे, असं चारचौघांत सांगणं. हे वाक्य माझ्याआधी किती पिढ्यांनी म्हटलं असेल. मला ते ऐकू आलं नाही. तिला आलं असणार.

दोन आठवड्यांनी तिने नोंदणी रद्द करायचा अर्ज दिला. मी समजूत घातली नाही. सही केली. ती तेलीबांध्याकडच्या एका खाजगी शाळेत शिकवायला लागल्याचं नंतर कानावर आलं. तिच्या तीन वह्या कपाटात राहिल्या.

तीन वर्षांनी मला एक ई-मेल आला. दूरच्या एका प्रयोगशाळेतून, फार सभ्य भाषेत. आम्ही तुमच्या पद्धतीने आम्लाशिवाय राख करायचा प्रयत्न करत आहोत. आमची छिद्रं बुजतात. आमचं काय चुकत असेल ते कृपया सांगाल का? मला राग आला. माझा पहिला विचार हाच होता, की यांनाही जमत नाही. दुसरा विचार यायला रात्र जावी लागली. एकीला जमलं नाही, तर तिचा हात. दुसऱ्यांनाही जमत नाही, तर कुणाचा?

उन्हाळ्याची सुटी होती. लॅब रिकामी, बाहेर आग ओकणारं ऊन. मी ॲप्रन शोधून काढला, बटणं लागेनात. नवा भूसा घेतला, धुतला, वाळवला, भट्टी लावली. राख करडी निघाली, बोटांत धरली तर खरखरीत. मोजली. बुजलेली. पुन्हा केली. बुजलेली. तिसऱ्यांदा पेपर शेजारी उघडा ठेवून, एकेक वाक्य वाचत केली. यंत्राच्या पडद्यावर तोच सपाट आलेख आला, जो मी दोन वर्षं शुक्रवारी चार वाजता पाहत होते. पेपर खोटा ठरणार ही भीती होतीच. पण खरं सांगायचं तर मला त्या खोलीत तिची लाज वाटली. ती तिथे नव्हती तरी.

तिने तापमान कसं कसं बदललं होतं ते बघावं म्हणून मी तिच्या वह्या काढल्या. अक्षर सुरेख. पहिल्या वहीच्या मध्यावर, म्हणजे ती येऊन जेमतेम चार-पाच महिने झाले होते तेव्हाच्या पानावर, चौकटीत लिहिलं होतं:

"जुन्या बरणीतलं तूस गडद आहे. नवीन फिकट. जुनं उसन्याचं होतं का? बरणीतलं चमचाभर वापरून पाहू का? (मॅडमना प्रश्न.)"

खाली माझी सही होती. तारखेसकट.

आमच्याकडे तांदळाच्या गिरण्या दोन प्रकारच्या. अरवा म्हणजे धान नुसतं भरडून काढलेला तांदूळ. उसना म्हणजे सालासकट धान आधी भिजवायचं, वाफवायचं, वाळवायचं आणि मग भरडायचं. आमच्या घरी उसना कधी शिजला नाही. आई म्हणायची, त्याला वास येतो. मी तुसावर संशोधन करणारी बाई, आणि त्या तुसाच्या आतला दाणा कसा होता हे मी कधी विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळीच अभनपुरकडे गाडी काढली. भैया निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती. अंगणात बाजेवर बसला होता, मला बघून धडपडत उठला. चहा आला. मी विचारलं, "भैया, वो पहला वाला भूसा याद है? कौन सी मिल का था?"

"हव मैडम," तो लगेच म्हणाला. "ओ तो उसना मिल के रिहिस. मोर सारा उहाँ काम करत रिहिस." त्याचा मेहुणा तिथे कामाला होता, म्हणून तिथून आणलं. भैया निवृत्त झाल्यावर पुढची पोती ज्याने आणली त्याने घराजवळच्या अरवा मिलमधून आणली. एवढंच.

"मुझे कभी बताया क्यों नहीं?" मी विचारलं, आणि विचारतानाच मला ऐकू आलं की मी अजूनही दुसऱ्याचीच चूक शोधते आहे.

"आप मन कभू पूछेव नइ," तो म्हणाला, आणि माझ्या बशीत आणखी एक बिस्किट ठेवलं.

परत येऊन मी फडताळावरची बरणी उतरवली, माझीच चिठ्ठी फाडली आणि चमचाभर तूस काढलं. राख पांढरीशुभ्र निघाली. छिद्रं सताड उघडी. तुसात पोटॅशसारखे क्षार असतात, भट्टीत तेच वितळून छिद्रं बुजवतात; म्हणून तर आम्ल लागतं. उसन्यासाठी धान भिजवताना ते क्षार पाण्यात उतरलेले असतात. आमचं अर्धं धुणं मिलने आधीच करून ठेवलं होतं, आणि मी जगाला सांगत सुटले होते की धुवायची गरज नाही. अंगण खरोखरच वाकडं होतं. तिने ते पाचव्या महिन्यात ओळखलं होतं.

विभागातल्या एका जुन्या सहकाऱ्याला सांगितलं. तो नागपूरकडचा, भला माणूस. दार लोटून घेत म्हणाला, "झाकली मूठ सव्वा लाखाची. निवृत्तीला किती दिवस राहिले तुमचे? त्या ई-मेलवाल्यांना लिहून टाका, भूसा बदलून पाहा म्हणून. विषय संपला." मला मोह झाला. एक संध्याकाळभर मी त्या मोहात मजेत राहिले. मग तिच्या शाळेचा फोन नंबर मिळवला.

शाळा उघडल्या त्या आठवड्यात तेलीबांध्याच्या तलावाकाठी, शाळा सुटल्यावर ती भेटली. साडी, खांद्याला पर्स, हातात तपासायच्या वह्यांचा गठ्ठा. मी सगळं सांगितलं. तिने वह्यांचा गठ्ठा शेजारी ठेवला. मग म्हणाली, "मी लिहून विचारलं होतं मॅडम. तोंडानं विचारलं की तुम्ही चिडत होत्या."

"मी वाचलं नाही."

"तुम्ही सही केली होती." ती तलावाकडे पाहत होती. "सही म्हणजे हो समजून बरणी उघडली असती, तर तुम्ही मले लॅबमध्ये उभं केलं असतं का?"

नसतं केलं. मी तसं सांगितलं. मग मी तिला परत ये म्हटलं. नोंदणी नव्याने करू, नियतकालिकाला पाठवायच्या दुरुस्तीच्या पत्रावर तुझं नाव पहिलं घालू, वर्षभरात प्रबंध होईल. मी भराभरा बोलत होते, जणू समितीपुढेच.

"दुरुस्तीवर नाव घाला," ती म्हणाली. "ते माझं कामच हाय. पण तुमच्याकडे मी येत नाही. मी दुसऱ्या युनिव्हर्सिटीत अर्ज करून राहिली. मुलाखतीत पयला प्रश्न हाच असते, आधीचं काहून सोडलं. दोनदा विचारला. मी काय सांगू? हाताला गुण नव्हता?"

मी विचारलं, मी काय करू?

"चारचौघांत बोलल्या होत्या. चारचौघांत मागे घ्या. आणि लिहून द्या."

पुढच्या शुक्रवारी ती चारला दहा कमी असताना आली आणि मागच्या बाकावर बसली. सुटी संपली होती, लॅब भरलेली होती. मी उभी राहिले आणि सांगितलं: पेपरात काय चुकलं, ते कुणी ओळखलं, मी तिला काय म्हटलं होतं, आणि ते किती खोटं होतं. समोरची मुलं गोंधळून एकमेकांकडे पाहत होती. बोलता बोलता माझ्या लक्षात आलं, की त्या दिवशीच्यांपैकी इथे एकच मुलगा उरला आहे. बाकीचे कधीच पदव्या घेऊन पांगले. त्यांच्या डोक्यात ती अजून हाताला गुण नसलेलीच मुलगी आहे, आणि तिथपर्यंत माझा आवाज आता पोचत नाही. हसलं होतं ते कोण, तेही मला आठवत नाही.

मी बसल्यावर ती पुढे आली. तिची पहिली वही मी टेबलावर काढूनच ठेवली होती. तिने ते पान उघडून माझ्यापुढे सरकवलं. काय करायचं ते मला कळलं. नियम माझाच होता. मी माझ्या सहीवर एक आडवी रेघ मारली, अशी की खालची सही वाचता यावी, आणि बाजूला लिहिलं, "न वाचता केलेली." आजची तारीख घातली.

तिने वही आपल्याकडे फिरवून वाचली आणि परत माझ्याकडे केली. "उत्तर राहिलं, मॅडम," ती म्हणाली.

चौकटीतल्या तिच्या प्रश्नाखाली थोडी जागा होती. मी लिहिलं, "होय, उसन्याचं होतं. होय, वापरून पाहावं. हे विद्यार्थिनीने माझ्याआधी ओळखलं." मग सगळं पुन्हा पहिल्या शब्दापासून वाचून काढलं आणि खाली सही केली.

तिने शाई वाळू दिली. वही मिटली, पर्समध्ये घातली, पर्सची चेन ओढली. वही लॅबबाहेर न्यायची नाही, हा नियम समोरच्या भिंतीवर माझ्याच अक्षरात लावलेला आहे, आणि सगळी मुलं आता माझ्याकडे पाहत होती. मी उठले आणि तिच्यासाठी दार उघडून धरलं.